शेपटीपासून सुरुवात करू नका: कुत्र्याचं मन ओळखायचा क्रम

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली होती. घरात आठ-दहा माणसं, अंगणात निंबाला झोका, आणि आमचा खंड्या ओट्यावरच्या खाटेखाली. सात वर्षांचा भाचा वाकून बघत म्हणाला, "मामा, हा शेपटी हलवतोय. खेळायचंय त्याला." मी रसासाठी आंबे पिळत होतो. मान वर न करता म्हणालो, "खेळ मग. काही करत नाही तो." मिनिटभरात पोराच्या मनगटावर दोन दात उमटले.

बहीण तेव्हा झोक्याचा व्हिडिओ काढत होती, त्यात मागे खाट आली होती. रात्री तो पाहिला. चावण्याआधी खंड्याने चार वेळा "नको" सांगितलं होतं. तोंड फिरवलं, नाक चाटलं, जांभई दिली, आणि शेवटी अंग ताठ केलं. शेपटी या सगळ्या वेळात हलतच होती. भाच्याने तेवढीच पाहिली, आणि मी तीही नाही.

"आमना कुत्रा काही करस नही" हे वाक्य धुळ्यापासून रावेरपर्यंत प्रत्येक गल्लीत ऐकू येतं. म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याचा बघण्याचा क्रम उलटा असतो, इतकंच. सगळ्यात आधी शेपटी, मग चेहरा, मग लगेच निकाल. खालचा क्रम मी त्या दिवसानंतर स्वतःला लावून घेतला. पहिल्यांदा सावकाश जावं लागतं. महिनाभराने हे सगळं पाच-सहा सेकंदांत होतं.

तयारी: आपल्या कुत्र्याचं नेहमीचं रूप लिहून काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचं सगळं त्यामुळेच चुकतं. घाबरलेलं कुत्रं ओळखायचं, तर न घाबरलेलं तेच कुत्रं कसं दिसतं हे आधी माहीत हवं. शाळेची एक वही घ्या. चार-पाच दिवस, दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं नुसतं बघा. हाक मारायची नाही, भाकर दाखवायची नाही.

काय लिहायचं:

शेपटी. आपल्या गावठी कुत्र्याची शेपटी मुळातच पाठीवर वळलेली असते. इंटरनेटवरची चित्रं बहुधा लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डची असतात. "शेपटी उंच म्हणजे कुत्रं ताठ्यात आहे" हा त्यांचा नियम गावठीला लावला, तर गल्लीतलं प्रत्येक कुत्रं चाल करून येतंय असं वाटेल. उलट, लॅब्राडॉरची शेपटी खाली लोंबत असली तर तो निवांत असू शकतो. खंड्याच्या शेपटीची गुंडाळी सुटून ती खाली आली, की मी हातातलं काम सोडून बघतो. म्हणून लिहा: निवांत असताना शेपटी नेमकी कुठे असते?

कान. उभे, अर्धे वाकलेले की पडलेले? काहींचा एक कान जन्मापासून मोडलेला असतो, त्यात रागलोभ काही नाही.

श्वास. गाढ झोपेत छातीची वरखाली मोजा. निरोगी मोठ्या कुत्र्याचे निवांत असतानाचे श्वास मिनिटाला साधारण १० ते ३० असतात. ही मोजणी पहाटे करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेलेला असताना दुपारी मोजलेला आकडा कशाच्याही कामाचा नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. त्या उन्हात सगळीच कुत्री धापा टाकतात.

झोपायची जागा, खायची घाई, आणि कुठे हात लावलेला चालतो. खंड्याला छातीवर हात चालतो, मागच्या पायांना चालत नाही. हे मला तीन वर्षं माहीत होतं, पण भाच्याला सांगायचं सुचलं नाही.

जमल्यास मोबाइलवर बाजूने दोन-तीन व्हिडिओ घ्या. समोरून घेऊ नका. डोळ्यांसमोर धरलेला मोबाइल कित्येक कुत्र्यांना आवडत नाही, मग जे टिपलं जातं ते नेहमीचं रूप उरत नाही.

*तपासा:* कुत्र्याकडे न बघता सांगा, निवांत असताना त्याचं तोंड उघडं असतं की मिटलेलं? अडखळलात तर अजून दोन दिवस वही चालू ठेवा.

*सावधान:* स्वभाव अचानक बदलला असेल तर मन ओळखायच्या भानगडीत पडू नका, आधी ढोरांच्या डॉक्टरकडे न्या. कानात पू, गोचीड ताप, दुखरा सांधा, यांचा "राग" मनातून येत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. हात लावून "गरम लागतंय" म्हणणं उपयोगाचं नाही, गुदद्वारात थर्मामीटर लावूनच कळतं.

टप्पा १: कुत्र्याआधी आजूबाजूला बघा

एकच हालचाल प्रसंगानुसार वेगळं सांगते. जेवण झाल्यावर जीभ ओठांवरून फिरली तर ते चाटणं आहे. पोर अंगावर झुकल्यावर फिरली तर "लांब हो" आहे. म्हणून आधी चार गोष्टी टिपा.

एक, त्याला निघून जायला वाट आहे का? साखळीला बांधलेलं, खाटेखाली शिरलेलं, भिंत आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये अडकलेलं कुत्रं पळू शकत नाही. पळता येत नाही ते चावतं.

दोन, राखायला काही आहे का? भाकर, हाड, पिलं, मालकाचा ट्रॅक्टर, खळ्यावरचं धान्य.

तीन, ऊन किती आणि पाणी कुठे? तहानलेलं, भाजलेलं कुत्रं माणसासारखंच लवकर चिडतं.

चार, सकाळपासून काय काय झालं? हा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. कुत्र्याच्या अंगातला ताण एका घटनेनंतर लगेच उतरत नाही, तासन् तास राहतो, आणि पुढची घटना त्यावर चढते. आखाजीचा आमचा हिशोब बघा. आदल्या रात्री पाहुणे आले, झोपायची जागा गेली. सकाळी अंगणात झोका आणि आरडाओरडा. दुपारी ऊन. भाकर नेहमीच्या वेळेला कोणी टाकली नाही. मग एक अनोळखी पोर खाटेखाली. यातली एकेक गोष्ट खंड्याने सहज सोसली असती, पाच एकदम नाही.

कानबाईच्या मिरवणुकीचा दिवस, लग्नाचा डीजे, दिवाळीचे फटाके यांना हाच नियम. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहूनही वरचं. मिरवणूक गेल्यावर आपल्यासाठी ती संपते. कुत्रं दुसऱ्या दिवशीही दचकतं, आणि त्या दिवशी चावलं तर आपण म्हणतो "काही कारण नसताना चावलं".

टप्पा २: दहा पावलांवरून पूर्ण अंग

जवळ जाऊ नका. जवळ गेलात की जे दिसेल ते तुम्ही आल्याचं उत्तर असेल, त्याची आधीची अवस्था नव्हे.

पहिला प्रश्न: अंग सैल की ताठ? सैल कुत्रं चालताना कमरेतून वळतं, लाटेसारखं हलतं. ताठ कुत्रं खाटेच्या पायासारखं उभं असतं. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

दुसरा: भार कुठे आहे? पुढच्या पायांवर झुकलेलं कुत्रं पुढे यायच्या विचारात आहे. कुतूहल असेल, राग असेल. मागच्या पायांवर भार, पुढचा एक पंजा किंचित उचललेला, मान लांब करून हुंगणं म्हणजे बघायचं तर आहे पण भीती वाटते. अशा वेळी लोक हात पुढे करतात. करू नका. त्याचा भार मागे आहे याचा अर्थ अजून जागा हवी आहे.

तिसरा: वाट सरळ की वळणाची? समजूतदार कुत्री एकमेकांकडे कमानीसारखं वळण घेऊन जातात, समोरासमोर सरळ जात नाहीत. माणूस मात्र थेट चालून जातो, वर वाकतो आणि डोक्यावर हात ठेवतो. आपल्याला ती माया वाटते. अनोळखी कुत्र्याला ती चाल वाटते.

आता इथे हमखास होणाऱ्या तीन चुका.

पोट दाखवलं म्हणजे "खाजव" असं नाही. अंग सैल, तोंड उघडं, पाय इकडेतिकडे पडलेले असतील तर खुशाल खाजवा. अंग आखडलेलं, शेपटी पोटाला चिकटलेली, तोंड मिटलेलं असेल तर ते शरण आलं आहे, "मला सोड" म्हणतंय. तिथे हात घालणं म्हणजे हात जोडलेल्या माणसाला ढोसणं.

पाठीवरचे केस उभे राहिले म्हणजे राग, हेही अर्धंच खरं. केस त्याच्या हातात नाहीत, आपल्या अंगावरच्या काट्यासारखे ते आपोआप उठतात. भीती, उत्साह, राग, तिन्हीत.

आणि पुढची छाती जमिनीला, मागचा भाग वर हे खेळायचं आमंत्रण. यात चूक सहसा होत नाही. पण मोठी माणसं नेमकं हेच बघून "अंगावर येतोय" म्हणत दगड उचलतात.

*सावधान:* चालतं-हलतं कुत्रं एकाएकी थिजलं, श्वाससुद्धा अडकल्यासारखा झाला, तर पुढचे टप्पे विसरा. चावण्याआधीचा क्षण बहुधा असाच असतो, एक-दोन सेकंदांचा. हात थांबवा, नजर बाजूला करा, सावकाश मागे सरा. ओढून घेऊ नका, पळू नका.

टप्पा ३: तोंड आणि श्वास

निवांत तोंड किंचित उघडं, जीभ सैल, ओठांचे कोपरे मोकळे. बोलता बोलता तोंड टपकन मिटलं, तर काहीतरी त्याच्या मनात आलं आहे. मिटलेलं तोंड वाईट नसतं, पण उघडं असताना मिटलं तर कशामुळे ते शोधा.

आपल्याकडे खरा घोळ धापांचा. उन्हाची धाप आणि भीतीची धाप वेगळी करायला हे बघा: उन्हाने धापणाऱ्याची जीभ लांब, रुंद, टोकाला पळीसारखी पसरते आणि ते सावली किंवा ओली माती शोधून आडवं पडतं. भीतीने धापणाऱ्याचे ओठांचे कोपरे मागे कानाकडे ओढलेले असतात, कपाळाला आणि गालाला घड्या दिसतात, आणि ते आडवं पडत नाही, येरझारा घालतं. सगळ्यात सोपी खूण म्हणजे थंडीच्या रात्री, भरीत-पार्टीच्या शेकोटीपासून लांब, धापा टाकणारं कुत्रं उन्हाने धापत नसतं.

*सावधान:* धाप थांबत नाही, लाळ चिकट, हिरड्या गडद लाल, पाय लटपटतात: हा उष्माघात. सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला, डॉक्टर गाठा. इथे मन ओळखत बसू नका.

मग येतात त्या तीन छोट्या हालचाली, ज्या मी आखाजीला पाहिल्या नाहीत: झोप नसताना दिलेली जांभई, खाणं नसताना नाक चाटणं, आणि तोंड फिरवून दुसरीकडेच बघणं. नॉर्वेच्या श्वान-प्रशिक्षक तुरिद रूगास यांनी अशा खुणांकडे जगभरच्या लोकांचं लक्ष वेधलं. कुत्रं यातून स्वतःला आणि समोरच्याला शांत करू पाहतं, असं त्यांचं म्हणणं. जमीन उगाच हुंगणं आणि अंग ओलं नसताना झटकणं हेही याच घरातलं. एखादी खूण सुटी दिसली तर सोडून द्या. मिनिटभरात दोन-तीन दिसल्या तर जे चाललंय ते थांबवा.

टप्पा ४: डोळे आणि कान

डोके एकीकडे, बुबुळ दुसरीकडे, आणि मध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागाची चंद्रकोर. ही खूण लहान पोरांनासुद्धा शिकवा, त्यांना "चंद्रकोर दिसली की उठायचं" हे पटकन समजतं. मिठी मारलेल्या कुत्र्यांच्या फोटोंत ती वारंवार दिसते. पोर हसतंय, आई फोटो काढतेय, आणि कुत्रं डोळ्याच्या कोपऱ्यातून सुटायची वाट शोधतंय.

नजरेबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात, आणि दोन्ही आपापल्या जागी खरं आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की कुत्रं आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. आई आणि तान्ह्या बाळातही हेच होतं. पण ते घरच्या माणसाचं. परक्याने रोखून बघणं ही कुत्र्यांच्या रिवाजात धमकी आहे. म्हणून तुमच्या डोळ्यांत बघणारं तुमचं कुत्रं पाहुण्यालाही तसंच बघू देईल, हे गृहीत धरू नका.

कानांचं थोडक्यात: पुढे टवकारलेले म्हणजे लक्ष, डोक्याला चप्प चिकटलेले म्हणजे भीती, किंचित मागे आणि सोबत मऊ डोळे व सैल अंग म्हणजे ओळखीचा नमस्कार. वहीत लिहिलेलं नेहमीचं रूप इथे काढून बघा.

टप्पा ५: आता शेपटी

इथवर आलात तर शेपटी तुम्हाला फसवणार नाही. ती हलते याचा अर्थ एवढाच, की कुत्रं आतून हललं आहे. आनंदाने की संतापाने, ते आधीच्या टप्प्यांनी सांगितलेलं असतं.

मुळापासून बघा, टोकापासून नको. बुंधा सैल, अख्खी कंबर सोबत डोलते, हेलकावा रुंद: स्वागत. बुंधा ताठ, फक्त टोक भराभर थरथरतं: सावध, बहुधा नाराज. खंड्याचं त्या दिवशी हेच होतं. खाली, पोटाकडे वळलेली आणि तिथेच हलते: भीतीने केलेली मनधरणी.

इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली ३० कुत्र्यांवर पाहिलं, की मालक दिसल्यावर शेपटीचा कल कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त असतो, आणि अनोळखी, दांडगं कुत्रं दिसल्यावर डाव्या बाजूला. हे वाचून बरेच जण गल्लीत उजवं-डावं मोजत उभे राहतात. त्यांनी व्हिडिओवर अंश मोजले होते. पाठीवर गुंडाळलेल्या गावठी शेपटीत उघड्या डोळ्यांनी ते दिसणं कठीण. सोडून द्या.

*तपासा:* शेपटी आणि अंग वेगवेगळं सांगत असतील तर अंगाचं ऐका.

टप्पा ६: आवाज, आणि गुरगुर मारून दडपू नका

भुंकण्यावर फार लिहीत नाही, कारण आपल्या कुत्र्याचं भुंकणं शेतकऱ्याला बरोबर कळतं. केळीच्या बागेत रानडुक्कर शिरल्यावरचं वेगळं, यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याची चाहूल लागल्यावरचं वेगळं, आणि दूधवाल्यावरचं वेगळं. साधारण खूण अशी: खोल, घोगरा, लांब आवाज म्हणजे "लांब हो", बारीक, उंच, तुटक आवाज म्हणजे "इकडे ये" किंवा "भ्यालो".

गुरगुरण्यावर मात्र थांबायलाच हवं. गुरगुरलं की चप्पल फेकायची, हा आपल्याकडचा सर्रास उपाय. आमच्या घरातही होता. खंड्या पिलू असताना भाकरीवर गुरगुरायचा आणि वडील त्याला फटका द्यायचे. तीन महिन्यांत गुरगुर बंद झाली आणि सगळे खूश. बंद काय झालं होतं? नाराजी तशीच होती, तिची घंटा तेवढी काढून घेतली होती. आखाजीला खाटेखालून एक गुरगुर आली असती तर मी मान वर केली असती.

कुत्र्याची तक्रार पायऱ्यांनी चढते. तोंड फिरवणं, नाक चाटणं, दूर जाणं, अंग चोरणं, थिजणं, गुरगुरणं, दात दाखवणं, हवेत चावा, खरा चावा. प्रत्येक कुत्रं सगळ्या पायऱ्या घेईलच असं नाही, आणि ज्या पायरीवर त्याला मार मिळाला ती ते पुढच्या वेळी गाळतं.

म्हणून गुरगुर ऐकली की हे करा: थांबा, अंतर वाढवा, कशावर गुरगुरलं ते वहीत लिहा. भाकरीवर असेल, तर दुसऱ्या दिवसापासून वाटी उचलायची नाही. जाता-येता लांबून वाटीत एखादा चांगला तुकडा टाकायचा आणि पुढे निघून जायचं. माणूस जवळ येतो तेव्हा वाटीत भर पडते, कमी होत नाही, हे त्याला पटायला काही आठवडे लागतात. घाई केलीत तर पुन्हा पहिल्यापासून.

*सावधान:* धुळे-नंदुरबारकडे ठेलारींच्या मेंढ्यांच्या वाड्यावरची कुत्री लांबूनच भुंकत पुढे येतात. ती बिघडलेली नाहीत, कामावर आहेत. तिथे मन ओळखायला जवळ जाऊ नका. लांब उभं राहून वाड्यावरच्या माणसाला हाक मारा.

टप्पा ७: दिसलं ते आणि वाटलं ते वेगळं लिहा

वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे फक्त दिसलेलं: "कान मागे, तोंड मिटलं, भार मागे, शेपटी खाली." उजवीकडे आपला अर्थ: "भीती." डावीकडे "त्याला राग आला" असं लिहिलं असेल तर ते खोडा, राग दिसत नाही.

उजवीकडे कोणते शब्द चालतील? भीती, आनंद, राग, वैताग, ओढ, विरह, उत्सुकता. एवढ्यावर बहुतेक प्रसंग भागतात. सूड, खुन्नस, नाटक हे शब्द आले की आपण स्वतःबद्दल लिहितोय असं समजा. "मी गावाला गेलो म्हणून मुद्दाम चप्पल फाडली" असं लोक सांगतात. एकटं राहिलेलं कुत्रं घाबरतं किंवा कंटाळतं, आणि मालकाचा वास असलेली वस्तू तोंडात धरतं. चप्पलेइतका मालकाचा वास दुसऱ्या कशाला येणार?

अपराधी चेहऱ्याचंही तसंच. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर प्रयोग करून २००९ साली तो मांडला. मालकांनी खाऊ खायला मनाई करून खोलीबाहेर जायचं, परत आल्यावर त्यांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं जायचं. अपराधी चेहरा कोणाचा झाला? ज्यांना रागावलं गेलं त्यांचा, खाऊ खाल्लेला असो वा नसो. मान खाली, कान मागे, डोळे चोरलेले हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नाही, तुमच्या आवाजाची भीती आहे. दोन तासांपूर्वी सांडलेल्या दुधासाठी आत्ता रागावलात, तर तो एवढंच शिकेल की तुम्ही दारातून आत येता तेव्हा सांभाळून राहायचं.

*तपासा:* उजवीकडच्या शब्दासाठी डावीकडे किमान तीन खुणा आहेत का? एकाच खुणेवर शब्द ठरवला असेल तर "माहीत नाही" लिहा. माझ्या वहीत तो शब्द सगळ्यात जास्त वेळा आहे.

टप्पा ८: उत्तर द्या

भीती ओळखलीत तर अंतर द्या आणि वाट मोकळी करा. फटाक्यांत घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, असं सांगणारे भेटतात. तसं होत नाही. ते आपणहून कुशीत आलं तर राहू द्या, आलं नाही तर ओढू नका. दिवाळीत आम्ही खंड्याला मधल्या घरात, खिडक्या लावून, जुन्या गोधडीवर ठेवतो आणि पंखा मोठा करतो. संध्याकाळचं फिरणं फटाके सुरू व्हायच्या आधी.

आनंद ओळखलात, आणि हात लावायचा आहे, तर तीन सेकंदांचा नियम. कुत्र्याला तुमच्याकडे येऊ द्या. छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला तीन सेकंद हात फिरवा आणि हात काढा. ते अंगाला चिकटलं, हाताखाली डोकं घातलं, तर पुन्हा. जागेवर नुसतं उभं राहिलं किंवा अंग झटकून बाजूला झालं, तर आजचं झालं. पोरांना हा खेळ म्हणून शिकवता येतो. भाच्याला मी तो चाव्यानंतर शिकवला, आधी शिकवायला हवा होता.

राग ओळखलात तर बाजूने उभे राहा, नजर जमिनीकडे, हात अंगाशी, आणि मागे सरा. दगड उचलायचा नुसता आव आणला तरी गल्लीतली बहुतेक कुत्री पळतात हे खरं, पण पिलांजवळची कुत्री आणि साखळीचं कुत्रं पळत नाही.

पाहुणे येणार असतील तर आखाजीच्या आदल्या दिवशीच कुत्र्याची जागा ठरवा: सावली, पाणी, आणि जिथे पोरं जाणार नाहीत असा कोपरा. खाटेखाली गेलेल्या कुत्र्याला कोणी बाहेर काढायचं नाही, हा घराचा नियम करा. पाच वर्षांखालचं पोर आणि कुत्रं यांना एकत्र सोडून चहा ठेवायला आत जाऊ नका, कुत्रं कितीही जुनं असो.

दात लागलेच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावा, कारण तीन मिनिटांतच पंधरा झाल्यासारखी वाटतात. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. मग त्याच दिवशी सरकारी रुग्णालय. घरचं कुत्रं आहे, त्याला लस दिली आहे, नुसतं खरचटलंय, यातलं काहीही असलं तरी ठरवू दे डॉक्टरला. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणांआधी लस घेतली तर वाचतो. जखम रक्त आलेली असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, त्याबद्दल स्वतःहून विचारा.

कुत्र्याला मारू नका, हाकलू नका. त्याला १० दिवस नजरेसमोर ठेवायचं असतं. या दिवसांत आवाज बदलला, पाणी गिळता येईना, जबडा लोंबला, उगाच लाळ गळू लागली किंवा मरगळून कोपरा धरला, तर हात न लावता ढोरांच्या दवाखान्यात आणि माणसाच्या डॉक्टरला, दोन्हीकडे कळवा. कुत्रं १० दिवस ठणठणीत राहिलं तर उरलेल्या डोसांचं काय ते डॉक्टर सांगतात, आपण ठरवायचं नाही.

भाच्याला डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी होते. पहिले दोन आमच्या तालुक्याला झाले, तोवर बहिणीची सासरी जायची वेळ आली. उरलेले दोन शहाद्याला. निघताना कार्ड आमच्याच फडताळात राहिलं आणि मला ते घेऊन सकाळच्या एसटीने जावं लागलं. पाहुणं पोर असेल तर कार्ड पहिल्याच दिवशी त्याच्या आईच्या पिशवीत टाका, आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.